फवारणी ड्रोनच्या कार्बन नळीचा रोध दर वेळी वेगळा येतो: नळी गेलीय की जोडणी फसवतेय?

"दादा, सकाळी मीटर लावला की नळी फुटल्याली दाखवतंय, आन् दुपारच्याला तीच नळी बरी हुतीया. आता उडवू का नको?"

पलूसकडच्या एका ड्रोनवाल्याचा हा प्रश्न. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ऊस डोक्यावर गेला की ही तक्रार वरचेवर येते. कधी वाळव्याचा पोरगा असतो, कधी ड्रोन दीदी योजनेतल्या एखाद्या ताई. सगळ्यांचं दुखणं एकच: ड्रोन विजेच्या तारेला किंवा बांधाला घासला, नाहीतर जोरात उतरला. आर्मची, म्हणजे मोटर धरणाऱ्या हाताची, कार्बन नळी वरून धडधाकट दिसते. आत काही तुटलंय का हे बघायला कुणीतरी सांगितलं की नळीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा. मोजला तर आकडा एका जागी थांबेना.

पद्धत खोटी नाही. कार्बनचा तंतू वीज वाहून नेतो, त्याला धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन नेत नाही. म्हणजे नळीतले तंतू हीच तिची वायरिंग. तंतू तुटले की करंटची वाट कमी होते आणि रोध वाढतो. वेगळा सेन्सर बसवायची गरज नाही, नळीच सेन्सर. शुल्टे आणि बॅरन या दोन संशोधकांनी कार्बन कंपोझिटवर (तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या पदार्थावर) भार टाकताना रोध मोजून तंतू तुटल्याचं कसं ओळखता येतं हे १९८९ साली मांडलं, त्यानंतर या विषयावर जगभर भरपूर काम झालंय. प्रयोगशाळेत जमतं ते आपल्याकडे बिघडतं, कारण आपण मोजतोय तो आकडा फार छोटा आहे याचा अंदाजच नसतो. तो अंदाज आधी घेऊ.

किती छोटा आकडा?

बाहेरून ३० मिलिमीटर, आतून २६ मिलिमीटर अशी नळी धरा. तिच्या भिंतीचं क्षेत्रफळ साधारण १७६ चौरस मिलिमीटर. नेहमीच्या कार्बन तंतूची रोधकता (पदार्थाचा स्वतःचा रोध) १६-१७ मायक्रोओहम-मीटर, म्हणजे तांब्याच्या जवळजवळ हजारपट. नळीत निम्मे तंतू लांबीच्या दिशेने आणि निम्मे आडवे, शिवाय निम्म्याहून थोडी कमी जागा रेझिनची, असा हिशोब केला तर ४०० मिलिमीटर लांबीचा रोध साधारण ०.१३ ओहम येतो. १३० मिलीओहम.

आता हातातला मल्टिमीटर बघा. २०० ओहमच्या रेंजवर त्याचा शेवटचा आकडा ०.१ ओहमचा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.२ ते ०.५ ओहम दाखवतो, कारण तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध असतो. नळीपेक्षा वायरीच जास्त! आणि आपण शोधतोय काय, तर एखाद्या ठिकाणचे थोडे तंतू तुटल्यामुळे पडलेला एखाद-दोन मिलीओहमचा फरक. मल्टिमीटरने हे काम होत नाही. मीटर महागडा असला तरी दोन वायरींवर होत नाही. इथेच निम्म्या लोकांचा प्रश्न मिटतो, पण मिटतो म्हणजे "हे यंत्र बाजूला ठेवा" एवढाच.

चार वायरी, दुसरा इलाज नाही

बाहेरच्या दोन टोकांतून करंट सोडायचा आणि त्या टोकांच्या मधल्या दोन वेगळ्या बिंदूंवर व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज मोजणाऱ्या वायरींतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्या वायरींचा आणि त्यांच्या जोडणीचा रोध हिशोबात येत नाही. लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी दीडशे वर्षं जुनी आहे आणि तिला अजून पर्याय नाही.

मिलीओहम मीटर विकत घेता आला तर उत्तम. नसेल तर एलएम-३१७ या तीन पायांच्या आयसीला १२ ओहमचा रेझिस्टर लावून साधारण १०० मिलिॲम्पिअरचा स्थिर करंट मिळतो. त्याच करंटच्या वाटेत एक ओहमचा चांगला स्थिर रेझिस्टर टाका आणि एडीएस-१११५ सारख्या, व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या सोळा बिटच्या मॉड्यूलने दोन व्होल्टेज वाचा: एक नळीवरचं, एक त्या रेझिस्टरवरचं. दोन्हींचा भागाकार म्हणजेच नळीचा रोध. आयसी तापून करंट थोडा सरकला तरी भागाकारात तो निघून जातो. या मॉड्यूलची सगळ्यात बारीक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची असते. १३० मिलीओहमवर १०० मिलिॲम्पिअरला १३ मिलिव्होल्ट येतात, तेव्हा पूर्ण नळीसाठी ते पुरतं. छोट्या तुकड्यांसाठी भरपूर वाचनं घेऊन सरासरी काढावी लागते.

चार वायरी जोडूनही आकडा हलत असेल तर एक सोपी चाचणी. करंटची एक क्लिप बोटाने हलवा. मग व्होल्टेजची एक हलवा. करंटची हलवल्यावर आकडा नाचला तर करंटचा स्रोत कमजोर आहे, किंवा तुमच्या चार वायरी प्रत्यक्षात दोनच आहेत. असं फार वेळा दिसतं: एकाच क्रोकोडाइल क्लिपला दोन वायरी बांधलेल्या असतात आणि त्याला चार वायरी म्हटलं जातं. करंटचा बिंदू आणि व्होल्टेजचा बिंदू नळीवर वेगळ्या जागी हवेत, आणि त्यांच्यात किमान नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं, जास्त असेल तर आणखी बरं. कार्बनमध्ये करंट तंतूच्या दिशेने झरझर जातो, पण एका थरातून खालच्या थरात उतरायला कुरकुरतो. जोडणीला लागूनच व्होल्टेज घेतलं तर फक्त वरच्या थराचं वाचन मिळतं.

व्होल्टेजची क्लिप हलवल्यावर आकडा नाचला तर खरी गडबड जोडणीत आहे. या पोस्टचा मोठा भाग त्यावरच खर्च होणार आहे, कारण दुरुस्तीला आलेल्या "फुटलेल्या" नळ्यांपैकी बऱ्याच याच कारणाने फुटलेल्या वाटतात.

जोडणी

नळीचा तो काळा चकचकीत पृष्ठभाग कार्बनचा नसतो. वर रेझिनचा पातळ पापुद्रा असतो, कधी त्यावर लॅकरही मारलेलं असतं. दोन्ही विजेचे दुश्मन. त्यावर क्लिप चावली तर तिचे दात एखाद-दोन तंतूंना लागतात, नाहीतर लागतही नाहीत. सकाळी एका ठिकाणी लागतात, दुपारी दुसऱ्या. रोध बदलला असं वाटतं, प्रत्यक्षात बदललेला असतो तो चावा.

शिवाय दाबून धरलेली जोडणी नळीवर भार आला की आपोआप सरकते. भार टाकल्यावर रोध कमी झाला, असं उलटं चित्र बऱ्याचदा दिसतं त्यामागे हीच सैल जोडणी असते. तेव्हा क्लॅम्प, क्लिप, स्प्रिंगचे पिन हे सगळं झटपट तपासणीला ठीक, नोंद ठेवायच्या मापाला नाही.

करायचं असं. जिथे जोडणी हवी तिथे ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. चमक जाऊन मंद काळा, रेघारेघांचा पृष्ठभाग दिसला की थांबा. तो दिसल्यावरही घासत राहिलात तर तंतूच कापले जातात, आणि मग तुम्हीच केलेली इजा मोजत बसाल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, तो रेझिनला लागतो. वाळल्यावर सिल्व्हर पेंट किंवा चांदीची भुकटी मिसळलेलं इपॉक्सी लावून त्यात बारीक तांब्याची तार बसवा. पेंटच्या डबीवर वाळवायचा वेळ लिहिलेला असतो, तो पाळा. ओलसर पेंटचा रोध तासागणिक उतरत जातो आणि लोक म्हणतात नळी सुधारतेय. आमच्या जिल्ह्यात विट्याकडची माणसं देशभर सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करतात, पण सिल्व्हर पेंटची एवढीशी डबी मात्र बाहेरूनच मागवावी लागते. महाग आहे, थेंबाथेंबाने वापरा. चिकटपट्टी लावलेला तांब्याचा फॉइल टेप स्वस्त पडतो म्हणून लोक तो गुंडाळतात. त्याच्या चिकटीवर भरवसा ठेवू नका. वापरायचाच तर कडेने सिल्व्हर पेंटचं बोट फिरवा.

करंटच्या जोडणीसाठी वेगळी युक्ती लागते. बाहेरून एका ठिकाणी करंट दिला की तो आतल्या थरांपर्यंत नीट पोचतच नाही. नळीचं कापलेलं तोंड मात्र सगळे थर उघडे करून समोर ठेवतं. तोंडावरच पॉलिश पेपर मारून पूर्ण गोलाला सिल्व्हर पेंट द्या आणि करंट तिथून घाला. व्होल्टेजच्या बिंदूंनाही ठिपक्याऐवजी नळीभोवती अरुंद कडं करा. इजा नळीच्या खालच्या बाजूला असेल आणि तुमचा ठिपका वरच्या बाजूला, तर ती निसटण्याची शक्यता जास्त.

घासताना उडणारी काळी धूळ वीज वाहून नेते आणि फुप्फुसालाही बरी नाही. मास्क लावा. ती भुकटी फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरने उडवून ड्रोनच्या बोर्डावर नेऊ नका, ओल्या फडक्याने पुसा.

नळी ड्रोनवरच असताना मोजलं तर

मोजायचं असेल तर आर्म काढा. नळीला धरणारे ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे, फ्रेमची मधली प्लेट कार्बनची, तिला लागून दुसरा आर्म. करंटला दुसऱ्या वाटा मिळतात आणि त्या बोल्ट किती आवळलेत त्यावर बदलतात. ब्रॅकेट तुमच्या दोन व्होल्टेज बिंदूंच्या मध्ये असेल तर तो नळीचा तेवढा तुकडा जवळजवळ शॉर्टच करतो. बोल्ट सैल झाला की रोध वाढतो, आवळला की कमी होतो आणि माणूस नळीला दोष देतो.

काढायला वेळच नसेल तर बॅटरी, मोटर आणि ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) वायरी तरी सोडवा आणि मोजण्याचे सगळे बिंदू ब्रॅकेटच्या बाहेर ठेवा. तरी आलेला आकडा फक्त त्याच जोडणीतल्या जुन्या आकड्याशी ताडता येईल, शेजारच्या आर्मशी नाही.

ब्रॅकेट काढलाच आहे तर त्याखाली बघून घ्या. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि मध्ये खताचं किंवा औषधाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. पांढरी भुकटी दिसली तर ती त्याचीच. साफ करून मध्ये पातळ काचतंतूचा थर किंवा प्लॅस्टिकची बुशिंग घाला.

सकाळ-दुपारचं गौडबंगाल

जोडण्या पक्क्या झाल्या, चार वायरी झाल्या, तरी सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा येतोच. इथे फरक कुठल्या दिशेने पडतो ते बघा, निदान त्यातच आहे.

कार्बन तंतू तापला की त्याचा रोध कमी होतो. दर अंशाला हा बदल शेकडा काही शतांश एवढाच असतो, म्हणजे सांगलीच्या हिवाळ्यातली पहाट आणि एप्रिलमधली दुपार एवढ्या अंतरात एखाद्या टक्क्याच्या आसपास. तांब्याचं उलट: ते तापलं की रोध वाढतो, दर अंशाला ०.३९ टक्के. दोन वायरींवर मोजत असाल आणि वायरींचा रोध ०.२ ओहम असेल, तर पंधरा अंशांच्या फरकात वायरीच १२ मिलीओहम सरकतात. आपण शोधतोय त्या फरकाच्या दहापट.

म्हणून सकाळी आकडा थोडासा जास्त आणि दुपारी सावकाश खाली आला असेल तर ते नळीचं तापमान. सकाळी कमी आणि दुपारी जास्त असेल तर तुमच्या तांब्याच्या वायरी बोलतायत, चार वायरींची जोडणी कुठेतरी तुटलीय. आणि कधी वर कधी खाली, मध्येच उडी मारत असेल तर परत जोडणीवर जा. पलूसच्या त्या पाहुण्याचं हे तिसऱ्या प्रकारचं होतं, क्लिप लॅकरवर होती.

आणखी एक लबाड गोष्ट असते. दोन वेगळे पदार्थ जिथे जोडले जातात तिथे तापमानाच्या फरकाने बारीकसं व्होल्टेज आपोआप तयार होतं. कार्बन-तांब्याच्या जोडणीत ते दर अंशाला काही मायक्रोव्होल्ट असतं. नळीचं एक टोक उन्हात आणि दुसरं सावलीत असेल तर सहज काही दहा मायक्रोव्होल्ट जमतात. छोट्या तुकड्यातल्या इजेचा फरक शंभरेक मायक्रोव्होल्टचा, तेव्हा हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. इलाज सोपा आहे: करंटची दिशा उलटी करून परत वाचन घ्या. पहिल्यातून दुसरं वजा करा, दोनने भागा. हे चोरटं व्होल्टेज दोन्ही वेळा एकाच दिशेचं असल्याने वजाबाकीत उडून जातं. दोन पोलचा, दोन बाजूंचा एक स्विच बसवला की झालं. करंट एक-दोन ॲम्पिअरपर्यंत वाढवून आकडा मोठा करायचा मोह होतो. नळीचं काही बिघडत नाही, पण जोडण्या तापतात आणि त्या तापल्या की हेच व्होल्टेज परत वाढतं.

एक आकडा नको, चार घ्या

माझं म्हणणं खरं तर इथेच आहे. नळीचा पूर्ण रोध हा एकच आकडा लिहून ठेवणाऱ्याला मी सांगतो, तो नोंदूच नका. तापमान त्या आकड्याला खाली ओढतं, इजा वर ढकलते, आणि दोघांची बेरीज शून्य आली तर तुम्ही खुशाल उडाण कराल.

नळीवर पाच कडी करा, त्यांच्यात चार समान तुकडे. करंट दोन्ही तोंडांतून, तोच सगळ्या तुकड्यांतून जाणारा. प्रत्येक तुकड्याचा रोध काढा आणि मग बेरजेतला प्रत्येकाचा वाटा काढा. समजण्यासाठी आकडे धरू. नवी नळी, थंड सकाळ: ३३.०, ३३.४, ३२.८, ३३.१ मिलीओहम, बेरीज १३२.३. काही महिन्यांनी, जोरात उतरल्यावर, तापलेल्या दुपारी: ३२.७, ३३.१, ३३.६, ३२.८, बेरीज १३२.२. एकूण आकडा बघणारा म्हणेल, नळी ठणठणीत. पण तीन तुकडे जवळपास एक टक्का उतरलेत आणि तिसरा तुकडा, जो त्यांच्याबरोबर ३२.५ पर्यंत उतरायला हवा होता, तो ३३.६ वर आहे. साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ, एकाच ठिकाणी. वाटा काढलात तर तिसऱ्याचा वाटा अडीच टक्क्यांनी फुगलेला दिसेल. तापमान सगळ्यांना सारखं लागलं म्हणून गुणोत्तरात ते निघून गेलं, इजा एकाला लागली म्हणून ती उरली.

यात गृहीत एकच, नळीचं तापमान सगळीकडे सारखं हवं. उन्हातून आणलेली नळी अर्धा तास सावलीत पडू द्या. अर्ध्या नळीवर ऊन ठेवून गुणोत्तर काढलं तर उन्हाचा फोटो मिळेल, इजेचा नाही.

नळी नवी असतानाच हे चार आकडे तिच्या नावावर लिहा. शेजारच्या नळीचे आकडे उसने घेऊ नका. एकाच मालातल्या दोन नळ्यांतही तंतू आणि रेझिनचं प्रमाण इकडेतिकडे असतं, आणि तो फरक इजेपेक्षा मोठा निघू शकतो. जुनी नळी पहिल्यांदाच आली असेल तर चार तुकड्यांची आपसात तुलना करून अंदाज बांधा, निकाल देऊ नका.

दमट हवेवर खापर

पावसाळ्यात शिराळ्याच्या बाजूला काम करणारे म्हणतात, हवा दमट आहे म्हणून रोध बदलतो. जरा हिशोब करू. नळीवर पाण्याचा किंवा औषधाचा पातळ थर आला आणि त्याचा रोध अगदी एक हजार ओहम धरला, तर १३० मिलीओहमला समांतर जोडलेल्या त्या हजार ओहमने किती फरक पडेल? जेमतेम एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. नळीवरचं पाणी रोधाला काहीही करत नाही. पाणी बिघडवतं ते जोडण्या आणि ब्रॅकेट. रेझिन पाणी पिऊन थोडं फुगतं आणि त्याने तंतू एकमेकांपासून किंचित लांब जातात हे खरं, पण ते आठवड्यांच्या गतीने होतं, सकाळ-दुपारच्या नाही, आणि लांबीच्या दिशेच्या मापात त्याचा परिणाम आडव्या दिशेच्या मापाइतका दिसत नाही. मोजायच्या आधी नळी पुसा ती जोडणीच्या भल्यासाठी.

आकडा पक्का, पण फुटलेलं दिसत नाही

ही उलटी तक्रार जास्त धोक्याची.

नळी कशी बनलीय त्यावर पहिलं उत्तर अवलंबून आहे. सगळे तंतू लांबीच्या दिशेने असलेल्या नळीत लांबीच्या दिशेची वाहकता आडवीच्या शेकडो पट असते, हजारपटही जाते. अशा नळीत एका जागी तंतू तुटले की करंट वळसा घ्यायला बघतो, पण शेजारच्या तंतूत शिरणं त्याला अवघड जातं. पाटाचं दार बंद केल्यावर पाणी लांब मागूनच दुसऱ्या सरीत वळावं तसं. परिणाम तुटीच्या रुंदीच्या वीस-तीस पट लांबीपर्यंत पसरतो. इजा ओळखायला सोपी, पण नेमकी जागा धूसर, कारण शेजारचा तुकडाही थोडा फुगतो. विणलेल्या कापडाच्या नळीत आडवे तंतू करंटला लगेच वाट देतात. तिथे फरक छोटा आणि त्याच जागेपुरता, म्हणून तुकडे लहान करावे लागतात. चारच्या जागी आठ.

दुसरं उत्तर: तुटलेल्या तंतूंची टोकं एकमेकांना टेकलेली असतात. भार नसताना भेग मिटते आणि रोध जवळपास पूर्ववत दिसतो. अशा वेळी नळीचं एक टोक पक्कं धरा, दुसऱ्या टोकाला पाण्याची दोन लिटरची बाटली टांगा आणि वाचन बघत राहा. संशयाची बाजू वरती ठेवा, वरची बाजू ताणली जाते. धडधाकट नळीत वरची बाजू ताणते, खालची दबते, आणि पूर्ण कड्यांवर घेतलेल्या मापात दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खातात. सरळ ताणात हजार मायक्रोस्ट्रेनला (लांबी हजारात एक भाग वाढली की) रोध साधारण ०.२ टक्के बदलतो, इथे तर तेवढाही दिसणार नाही. बाटली लावल्याबरोबर एकाच तुकड्याचा आकडा उडी मारून वर गेला आणि काढल्यावर खाली आला, तर तिथे उघडझाप करणारी भेग आहे. ही चाचणी मला नुसत्या मापापेक्षा जास्त विश्वासाची वाटते, करायला पाच मिनिटं लागतात आणि तरी कुणी करत नाही.

तिसरं: तंतू तुटलेच नाहीत, फक्त थर सुटलेत. कार्बनला हलक्या फटक्याने वरून खूण उमटत नाही आणि आत थर सुटतात, तेही फटक्याच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूला जास्त पसरून. लांबीच्या दिशेने मोजलेल्या रोधाला याचा पत्ता लागेलच असं नाही, कारण तंतू साबूत आहेत. इथे जाडीच्या दिशेने मोजायला हवं, एका बाजूने करंट आणि दुसऱ्या बाजूला व्होल्टेज. सपाट प्लेटवर ते जमतं. नळीच्या आत मध्यापर्यंत जोडणी करणं आपल्या शेडमध्ये होत नाही, तेव्हा तिथे नाणं घ्या आणि वाजवा. टणक आवाजाच्या मध्येच ठसठशीत नसलेला, दबका आवाज आला तर थर सुटलेत. मीटरने सगळं कळलं पाहिजे हा हट्ट सोडा.

आणि चौथं, जे सांगताना त्रास होतो: सगळ्याच काळ्या नळ्या कार्बनच्या नसतात. वरून कार्बनच्या कापडाचा एक थर आणि आत काचतंतू, अशा नळ्या "कार्बन" म्हणून विकल्या जातात. काच वीज नेत नाही, त्यामुळे त्या नळीचा रोध हिशोबापेक्षा कितीतरी पट जास्त येतो आणि मोजलेला रोध फक्त वरच्या सालीचा असतो. आतली काच फुटली तरी मीटर शांत. नवी नळी घेतानाच व्यास, जाडी आणि लांबीवरून वर केला तसा हिशोब करा. तंतूंची रचना नक्की माहीत नसल्याने दुप्पट-तिप्पट फरक चालून जाईल. दहापट आला तर कापलेलं तोंड भिंगाखाली धरा. पांढरट-हिरवट थर दिसला तर पैसे परत मागा.

यावरूनच साताऱ्याच्या एका मित्राने विचारलं होतं, की चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या पात्यांना हीच युक्ती लावता येईल का. ती पाती मुख्यत्वे काचतंतूंची, म्हणून सरळ लावता येत नाही. मोठ्या पात्यांच्या आतल्या कण्यात कार्बन वापरतात तिथे वाव आहे, पण तिथे विजेचा लोळ पडण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. काचतंतूंसाठी रेझिनमध्येच कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळून वीजवाहक जाळं तयार करायचं आणि त्याचा रोध बघायचा, हे थोस्टेन्सन आणि चाऊ या संशोधकांनी २००६ मध्ये करून दाखवलं. तिथले रोध मिलीओहमचे नसून कितीतरी मोठे असतात. त्यामुळे वर मी पाण्याला दिलेली क्लीन चिट तिथे चालणार नाही, पठारावरचं धुकंसुद्धा हिशोबात धरावं लागेल.

ड्रोनवाल्यांना एक व्यवहाराचं. नळीवर नखाला लागेल असा खोल चरा, दाबलेला खड्डा किंवा बाहेर आलेले तंतू दिसले तर मीटर पेटीतून काढूच नका, नळी बदला. दहा लिटर औषध घेऊन माणसांच्या आसपास उडणारं यंत्र आहे ते. आणि मोजायला आणताना नळीबरोबर तिचे नवेपणीचे चार आकडे आणि त्या दिवशीचं तापमान लिहिलेला कागद आणा. तो नसेल तर आम्हीही अंदाजच सांगणार.